१९४८ ची प्लिमथ स्पेशल डिलक्स घ्यायचा विचार आहे. पाहणीत नेमकं काय तपासू?

रारितनकाठ:

नमस्कार मंडळी,

पेनसिल्व्हेनियात एक चार दारांची प्लिमथ स्पेशल डिलक्स विकायला आहे. विक्रेता १९४८ ची सांगतो, टायटलवर (मालकीच्या कागदावर) मात्र १९४९ लिहिलंय. मागणी ११,५०० डॉलर. त्याचं म्हणणं असं: १५ वर्षांपूर्वी इंजिन पूर्ण बांधलं, रंग नवा, ब्रेकचं 'सगळं काम झालंय', वायरिंग मूळ सहा व्होल्टचंच. त्यानंतर गाडी फारशी चाललेली नाही.

फोटोंत तीन गोष्टी खटकल्या. पुढच्या मडगार्डची मागची खालची कड जरा फुगीर दिसते. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल आहे आणि तिथे रिमचा रंग सोलल्यासारखा वाटतो. बॅटरीच्या केबल अगदी बारीक आहेत.

शनिवारी गाडीपाशी दोन तास मिळतील. प्लग, पॉइंट, ऑइल, ब्रेक लायनर एवढं काम मला घरी जमतं. इंजिन उघडलेलं नाही. त्या दोन तासांत कोणत्या क्रमाने काय बघू? सहा व्होल्ट ठेवावेत की बारा करून घ्यावेत? आणि याच पैशात त्या काळातली शेवरले किंवा फोर्ड जास्त शहाणपणाची ठरेल का?

पानाबारा:

आधी एक पक्कं धरा. या गाडीचं इंजिन दुरुस्त करणं सोपं आणि त्यामानाने स्वस्त, पत्रा दुरुस्त करणं अवघड आणि महाग. त्यामुळे बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली जा. जाड पुठ्ठा, टॉर्च, बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं फ्रिजवरचं लोहचुंबक सोबत ठेवा. लोहचुंबक ताकदवान नको. ताकदवान असेल तर ते पुट्टीच्या थरावरूनही पकडतं आणि तुम्ही फसता.

चुंबक फिरवायच्या जागा: पुढच्या मडगार्डची मागची खालची कड, दारांखालची पट्टी, मागच्या मडगार्डचा चाकापुढचा भाग, दारांच्या खालच्या चार इंचांचा पट्टा आणि डिक्कीच्या झाकणाची खालची कड. मडगार्ड आणि बॉडीच्या सांध्यात चिखल साचून राहतो, तिथे पत्रा आतून गंजतो आणि रंग बाहेरून फुगतो. फोटोत दिसलेला फुगवटा हाच असणार. तेवढाच असेल तर मडगार्ड बोल्ट सोडून निघतं, खालची पट्टी कापून नवी वेल्ड करता येते. खरी भीती त्याच्या आत असते. पुढच्या फ्लोअरचा पायाकडचा उतार आणि त्याखाली बॉडीला चासीवर धरून ठेवणारे पत्र्याचे आधार नीट बघा. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलायची परवानगी मागा. विंडशील्डपुढच्या हवेच्या झडपेचं रबर गेलं की पाणी थेट तिथे उतरतं. स्क्रू ड्रायव्हरने दाबून बघा. पत्रा 'टण' वाजला तर ठीक. दबला, किंवा वरून काळं डांबर फासलेलं दिसलं, तर त्या डांबराखाली भोक आहे असंच समजून हिशेब करा. डिक्कीत स्टेपनी काढून तिच्याखाली बघा.

सगळी दारं उघडून, हळू सोडून लावा. दार उचलून लावावं लागत असेल तर बिजागरीची पिन झिजलीय किंवा खालचा आधार बसलाय. पहिलं दोन तासांचं काम, दुसरं दोन महिन्यांचं. फरक ओळखायला दाराच्या फटी बघा. वर अरुंद आणि खाली रुंद असा पाचर दिसला तर बॉडी बसलेली आहे.

आता ब्रेक. 'सगळं काम झालंय' या वाक्यावर माझा या गाड्यांच्या बाबतीत अजिबात विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. मागचे ड्रम निमुळत्या ॲक्सलवर किल्ली घालून बसवलेले असतात. ते साध्या हातोडीने निघत नाहीत, हबला धरणारा दणकट पुलर लागतो. तो नसला की लोक पुढचे ड्रम काढून काम करतात आणि मागच्याला हातच लावत नाहीत. म्हणून मागच्या चाकाची मधली टोपी काढून ॲक्सलचा नट बघा. स्प्लिट पिन चकचकीत, टोकं नीट वळवलेली, नटाच्या कडांवर पान्याच्या ताज्या खुणा असं असेल तर कोणीतरी आत गेलं होतं. पिन गंजून नटाशी एकजीव झालेली असेल तर ते ड्रम कित्येक वर्षांत निघालेले नाहीत, विक्रेता काहीही म्हणो.

रिमचा रंग सोललाय ही गोष्ट महत्त्वाची आहे. साधं ब्रेक ऑइल रंग खातं, गिअर ऑइल खात नाही. ओल बोटावर घ्या. पातळ, पाण्याने धुऊन जाणारी असेल तर व्हील सिलिंडर गळतोय. दाट, गंधकासारख्या वासाची असेल तर ॲक्सलचं सील गेलंय. दोन्ही बाबतींत त्या चाकाचे लायनर भिजलेले असणार, म्हणजे तेही नवे लागणार.

या गाडीला एकूण सहा व्हील सिलिंडर आहेत. पुढच्या प्रत्येक चाकात दोन, मागे एकेक. रबरी होज तीन: दोन पुढे, एक मागे. विक्रेत्याकडे बिलं असतील तर हे आकडे मोजा. चारच सिलिंडरचं बिल असेल तर काम अर्धवट आहे. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरखाली. त्याचं ऑइल फ्लोअरमधल्या झाकणातून बघायचं. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची माती पुसा, नाहीतर ती आतच पडते. सर्किट एकच, त्यामुळे एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. हॅन्डब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्सच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर आहे. तो उभ्या गाडीसाठी आहे, पळत्या गाडीत झटक्याने ओढायचा नाही. पण तो चालू स्थितीत हवाच, म्हणून चढावर उभं करून तपासा.

पेडल दाबून एक मिनिट तसंच धरा. हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय. स्पंजसारखं लागलं तर हवा आहे. पहिल्यांदा खोल जाऊन दुसऱ्या दाबाला वर आलं तर शू (लायनर बसवलेल्या वाकड्या पट्ट्या) ड्रमपासून लांब आहेत. शेवटचा दोष फार आढळतो. पुढच्या दोन्ही शूंना स्वतंत्र सिलिंडर आणि स्वतंत्र पिव्होट बोल्ट. वरचा कॅम फिरवून बारीक ॲडजस्टमेंट होते, पण लायनर नवे लावले की पिव्होटसुद्धा फिरवून शू ड्रमच्या मध्यावर आणावा लागतो. ते कोणी करत नाही. मग नवे लायनर टोकालाच घासतात, गाडी एका बाजूला ओढते आणि मालक म्हणतो 'जुन्या गाडीचे ब्रेक असेच असतात'. ते असे नसतात. नीट लावलेले हे ब्रेक उत्तम धरतात.

एक सूचना चाकांबद्दल. डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे आहेत, डोक्यावर बहुधा 'एल' अक्षर असतं. टायरवाल्याने एअर गनने नेहमीच्या दिशेने सोडायला घेतले की बोल्ट तुटतो. डावीकडे पाचच्या पाच बोल्ट आहेत का आणि त्यांच्या कडा शाबूत आहेत का, ते मोजून बघा.

सहाव्होल्टी:

सहाच ठेवा. या गाडीवर सहा व्होल्टने जो त्रास होतो तो बहुतेक वेळा सहा व्होल्टचा नसतो, बारीक केबलचा असतो. तेवढ्याच कामाला सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो. आजच्या बारा व्होल्टच्या गाडीची केबल इथे लावली की व्होल्टेज केबलमध्येच खर्च होतं, सेल्फ रडत फिरतो आणि इंजिन गरम झाल्यावर तर फिरतच नाही. एक शून्य किंवा दोन शून्य नंबरची, म्हणजे जवळपास अंगठ्याएवढी जाड केबल हवी. बॅटरीपासून सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला वीज जोडणाऱ्या स्विचपर्यंत) एक, आणि अर्थची दुसरी थेट इंजिनला. इंजिन ते बॉडी वेगळी पट्टीही लावा. अर्थच्या जागेवरचा रंग खरवडून धातू उघडा करा. खर्च थोडा, फरक लगेच जाणवतो.

लक्षात ठेवा, या गाडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे. बॅटरीचा पॉझिटिव्ह इंजिनला, निगेटिव्ह सोलेनॉइडला. बऱ्याच जणांनी कधी ना कधी उलटी जोडलेली असते. ओळखायची खूण: इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा. अँपिअर मीटरचा काटा डिस्चार्जकडे जायला हवा. चार्जकडे गेला तर जोडणी उलटी आहे किंवा मीटरच्या तारा अदलाबदल झाल्यात. कॉइलचंही बघा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचा अधिक खुणेचा टोक डिस्ट्रिब्युटरकडे जातो. उलटं असलं तरी गाडी चालते, पण ठिणगी कमजोर पडते.

मल्टिमीटर न्या. पूर्ण चार्ज बॅटरी ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर ५ च्या खाली गेलं तर बॅटरी संपलीय. बॅटरीवर ठीक आणि सेल्फच्या टोकावर कमी, म्हणजे केबल किंवा जोड खराब. इंजिन जरा तेज ठेवून ७.२ च्या आसपास आलं तर डायनॅमो आणि रेग्युलेटर दोन्ही ठीक. चार्ज होत नसेल तर लगेच डायनॅमो गेला म्हणू नका. बॅटरी उलटी जोडल्यावर किंवा डायनॅमो उघडल्यावर त्याचं पोलॅरिटीचं भान हरवतं. या गाडीच्या ऑटोलाइट रेग्युलेटरवर, इंजिन बंद असताना, बॅटरीचं आणि आर्मेचरचं टर्मिनल तारेने क्षणभर जोडायचं. बारीक ठिणगी पडते, तेवढं पुरे.

वायरिंग 'मूळ' असणं ही जमेची बाजू नाही. कापडी विणीच्या आतलं रबर इतक्या वर्षांत बिस्किटासारखं झालेलं असतं. हेडलाइटच्या मागे जिथे वायर वळते तिथे हलकेच वाकवा. कवच तडकून तांबं उघडं पडलं तर पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) नवा धरा. मूळ नमुन्याचे कापडी हार्नेस तयार मिळतात. मूळ सर्किटमध्ये फ्यूज फार थोडे आहेत, त्यामुळे उघडी वायर म्हणजे आगीचा धोका.

आणि कोणी बारा व्होल्ट करून ठेवली असेल तर पेट्रोलचा काटा, हीटरची मोटर आणि रेडिओ यांचं काय केलं ते विचारा. तापमानाचा काटा विजेवर चालत नाही. बारीक तांब्याच्या नळीतल्या द्रवाच्या वाफेच्या दाबावर चालतो. ती नळी इंजिन काढताना दुमडली किंवा तुटली की काटा कायमचा मेला. गरम इंजिनावर तो हललाच पाहिजे.

मिशिगनमराठी:

कागद आणि नंबर. १९४८ की १९४९ हा घोळ निरुपद्रवी असू शकतो. पी १५ हे मॉडेल, म्हणजे तुम्ही बघताय ती गाडी, १९४६ पासून जवळपास काहीही न बदलता बनत राहिलं. १९४९ ची नवी गाडी त्या वर्षीच्या मार्चमध्ये आली, तोवर जुनीच विकली जात होती. त्यामुळे पी १५ च्या टायटलवर १९४९ असणं शक्य आहे. वर्ष सीरियल नंबरवरून ठरतं, दिसण्यावरून नाही.

दोन नंबर बघायचे. सीरियल नंबरची पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर. इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढे, डायनॅमोच्या वरच्या सपाट जागेवर. इंजिन नंबरची सुरुवात पी १५ अशी हवी. पी १८ किंवा पी २० असेल तर १९४९-५० ची प्लिमथ, डी २४ असेल तर १९४६-४८ च्या डॉजचं २३० घनइंची इंजिन. डॉजचं इंजिन बसवलेलं असणं वाईट नाही, थोडी जास्त ताकद मिळते. पण त्या काळी अनेक राज्यांनी टायटलवर गाडीचा सीरियल न लिहिता इंजिनचा नंबर लिहिला. नंतर इंजिन बदललं गेलं तर टायटलवरचा नंबर गाडीत कुठेच सापडत नाही. अशी गाडी पैसे देण्याआधी कागद दुरुस्त झाल्याशिवाय घेऊ नका. ते काम विक्रेत्याने त्याच्या राज्यात करायचं.

हेडची लांबीही टेपने मोजा. अमेरिकन प्लिमथ आणि डॉजचं हेड साधारण २३ इंचांचं. २५ च्या आसपास भरलं तर ते क्रायस्लर, डिसोटो किंवा कॅनडात बनलेलं इंजिन. मग हेड गॅस्केटपासून सगळे भाग वेगळे मागवावे लागतात.

तुमच्या न्यू जर्सीत २५ वर्षांवरच्या गाडीला 'क्यूक्यू' मालिकेची ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते. ती प्रदर्शन आणि तत्सम वापरासाठी आहे, रोज ऑफिसला जायला नाही. विमा घेताना ठरलेल्या रकमेची पॉलिसी घ्या, म्हणजे नुकसान झाल्यावर किंमत घसाऱ्याने ठरत नाही. त्या पॉलिसीला बहुधा बंद गॅरेज आणि रोजच्या वापराची वेगळी गाडी लागते.

आता इंजिन. २१७.८ घनइंच, सहा सिलिंडर, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, ९५ अश्वशक्ती. फारच कणखर इंजिन. ऑइल पूर्ण दाबाने सगळ्या बेअरिंगना जातं आणि बेअरिंग शेल बदलता येतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कारखान्यातूनच कठीण धातूच्या, म्हणून शिशाविरहित पेट्रोलची काळजी नाही. काळजी आहे ती इथेनॉलची. पंपाचा जुना पडदा आणि रबरी नळी त्याने फुगतात. पेट्रोल पंपाची काचेची वाटी बघा. तळाशी नारिंगी गाळ असेल तर टाकी आतून गंजलीय.

विक्रेत्याला आधीच सांगा, इंजिन थंड ठेव. पोहोचल्यावर मॅनिफोल्डला हात लावून खात्री करा. गरम इंजिन चटकन सुरू होतं आणि बरंच काही लपवतं. सुरू झाल्यावर ऑइलचा दाब बघा. गरम झाल्यावर ताशी ३०-४० मैलांना ४० पौंडांच्या आसपास छान, उभ्या गाडीत १५ राहिला तरी चालेल. व्हॅक्यूम गेज लावता आलं तर १८ ते २१ इंचांवर काटा स्थिर हवा. ताल न धरता अधूनमधून खाली झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह अडकतोय. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात हे हमखास होतं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडं. ९० ते ११० च्या दरम्यान आणि सगळे एकमेकांच्या १०-१५ पौंडांत आले तर चांगलं.

या इंजिनाचं एक खास दुखणं आहे आणि 'पूर्ण बांधलेल्या' इंजिनांतही ते राहून जातं. पाण्याच्या पंपामागे ब्लॉकमध्ये आडवी, लांब पत्र्याची नळी असते. तिच्या भोकांतून थंड पाणी प्रत्येक व्हॉल्व्ह सीटपर्यंत पोहोचतं. ती गंजून बसली की पाणी पुढच्या पुढे फिरून परत जातं आणि मागचे दोन सिलिंडर तापतात. डॅशबोर्डवरचा काटा मात्र ठीक दाखवतो. म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर न्या. २० मिनिटं चालवल्यावर हेडवर पहिल्या प्लगपाशी आणि सहाव्यापाशी तापमान घ्या. रंगवलेल्या जागेवर घ्या, चकचकीत धातूवर आकडा चुकतो. थोडा फरक असतोच. ३०-४० अंश फॅरेनहाइटचा असेल तर नळी गेलीय किंवा ब्लॉकमध्ये गाळ आहे.

चालवताना: पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, पूर्ण थांबूनच टाका. दुसऱ्यात वेग घेऊन ॲक्सिलरेटर एकदम सोडा. गिअर आपोआप सुटला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. मागच्या ॲक्सलचं गिअर गुणोत्तर ३.९, त्यामुळे ताशी ५५ मैलांना इंजिन मिनिटाला २,६०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. ही गाडी ४५ ते ५५ मध्ये रमते. इंटरस्टेटवर ७० ने जायची अपेक्षा असेल तर ही गाडी नको.

कॉलमगिअर:

शेवरले-फोर्डचं थोडक्यात. त्याच काळातल्या शेवरलेचं २१६ इंजिन सुरेल चालतं, पण रॉडची बेअरिंग ओतलेल्या बॅबिटची (एका मऊ मिश्रधातूची) आणि त्यांना ऑइल पळीने उडवून मिळतं. लांबवर वेगात दामटली तर ती सहन करत नाही, आणि बॅबिट ओतणारे कारागीर आता मोजके. १९४९ ते ५३ च्या फोर्डचा फ्लॅटहेड व्ही ८ आवाजाला अप्रतिम. पण एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकमधून जातात, पाण्याला जास्त उष्णता पेलावी लागते, पंप दोन. ब्लॉकला तडा असेल तर खर्च मोठा. १९४८ किंवा त्यानंतरची हडसन दिसली तर मोह होईल, पण तिची बॉडी आणि चासी एकच आहे, गंज लागला की सांगाडाच जातो. पहिली गाडी म्हणून प्लिमथच. तिच्यात फ्लुइड ड्राइव्ह (इंजिन आणि क्लचमधला ऑइलने भरलेला जोड) नाही, साधा कोरडा क्लच आहे, हेही तुमच्या फायद्याचं. डॉज आणि डिसोटोत ते असतं.

दादरकर:

विषय अमेरिकेतला आहे, पण इथे वाचणाऱ्यांसाठी एक जोड. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून डॉज, डिसोटो, प्लिमथ जुळवल्या जात. त्यातल्या काही अजून मुंबई-पुण्यात आहेत. इथे बघायची पहिली गोष्ट म्हणजे इंजिन. अनेक गाड्यांत टॅक्सीच्या काळात डिझेल बसवलं गेलं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल असेल तर ती त्यात बसत नाही. म्हणून आरसी बुकातलं इंधन आणि इंजिन नंबर आधी ताडून पाहा.

रारितनकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे मुद्दे छापून घेऊन गेलो. आकडे असे:

इंजिन नंबर पी १५ ने सुरू होतो, टायटलवर सीरियल नंबरच आहे आणि खांबावरच्या पट्टीशी जुळतो. फ्लोअर ठणठणीत. मडगार्डच्या कडांना दोन्हीकडे पुट्टी. मागच्या स्प्लिट पिना जुन्या, गंजलेल्या. ओल पातळ आहे आणि पाण्याने धुतली गेली. ऑइलचा दाब गरम असताना ४२, उभ्या गाडीत २०. कॉम्प्रेशन पहिल्यापासून सहाव्यापर्यंत १०५, १०२, १०४, १००, ६८, ६६. हेडचं तापमान पुढे १७४, मागे २१५ अंश फॅरेनहाइट. विक्रेता ९,००० ला यायला तयार आहे. पाचवा आणि सहावा दोन्ही कमी, म्हणजे रिंगा गेल्या का?

मिशिगनमराठी:

रिंगा असण्याची शक्यता कमी. शेजारचे दोन सिलिंडर एकाच प्रमाणात कमी असले की पहिला संशय त्यांच्या मधल्या हेड गॅस्केटवर. दुसरा संशय, मागे पाणी न पोहोचल्याने दोघांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेत. ४१ अंशांचा फरक नळीकडेच बोट दाखवतोय, आणि गॅस्केट असो वा व्हॉल्व्ह, मूळ कारण तेच आहे. नळी न बदलता नुसतं गॅस्केट घातलंत तर ते पुन्हा जाईल.

नक्की काय ते पैसे देण्याआधी कळू शकतं. पाचव्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि ऐका. सहाव्याच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर गॅस्केट. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या नळीतून आली तर रिंगा. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि हात पंख्यापासून लांब, हवेच्या दाबाने इंजिन फिरू शकतं.

गॅस्केट निघालं तर तुम्हाला घरी जमेल. हेड सरळ पट्टीवर तपासा, वाकडं असेल तर मशीन शॉपकडून सपाट करून घ्या. काही बोल्ट पाण्याच्या पोकळीत उतरतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावा. मधून बाहेर जात तीन टप्प्यांत ६५ ते ७० फूट-पौंडांपर्यंत आवळा, इंजिन एकदा गरम करून थंड झाल्यावर पुन्हा तपासा. व्हॉल्व्ह जळाले असतील तर ते काढून घासावे किंवा बदलावे लागतात. इंजिन गाडीतच ठेवून होतं. उजवं पुढचं चाक आणि मडगार्डच्या आतली झडप काढली की व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचतो.

नळीसाठी रेडिएटर आणि पाण्याचा पंप उतरवावा लागतो. गंजलेली नळी सलग येत नाही, तुकड्यांनी येते. लांब सळईला आकडा करून ओढा, ब्लॉकच्या कडेचे फ्रीझ प्लगही (पाण्याच्या पोकळीची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) काढा आणि तारेने, पाण्याच्या जोराने गाळ धुवा. पहिला तुकडा निघताना भोकांची दिशा फोटो काढून ठेवा. नवी पितळी किंवा स्टेनलेसची घ्या. आणि रेडिएटरला आजच्या गाडीचं १५ पौंडी झाकण लावू नका, जुन्या टाकीचे सांधे उसवतात.

पानाबारा:

फ्लोअर ठणठणीत आणि ऑइलचा दाब ४२, ही चांगली गाडी आहे. पण ९,००० मध्ये सहा व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, तीन होज, मागचे लायनर, नळी, फ्रीझ प्लग, गॅस्केट, मडगार्डच्या दोन पट्ट्या आणि केबल धरलेल्या नाहीत. ही यादी कागदावर मांडून विक्रेत्यासमोर ठेवा. हवेची चाचणी झाल्यावरच आकडा बोला. व्हॉल्व्ह निघाले तर त्याचेही धरा. टायरवरचा चार अंकी तारखेचा शिक्का बघितलात का? शेवटचे दोन अंक वर्षाचे. दहा वर्षांपुढचे असतील तर टायर-ट्यूब पाच, स्टेपनीसह.

घेतलीत तर ती चालवत आणू नका. एकच सर्किट आणि गळका सिलिंडर घेऊन डोंगरउतारावर जायचं नाही. फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) बोलवा, पट्टे ॲक्सलला आणि चासीला बांधायला सांगा, बंपरला नाही. घरी आल्यावर पुलर लावताना मागचा नट पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे सैल करून तसाच राहू द्या. ड्रम सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, नट त्याला अडवतो. ॲक्सलच्या टोकावर घण घालू नका, आतला थ्रस्ट ब्लॉक आणि बेअरिंग खराब होतात. पुलर ताणून रात्रभर ठेवा. बहुतेक वेळा सकाळपर्यंत ड्रम आपोआप सुटलेला असतो.